कोरियातला कौल

मंगळवारी हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि रविवार दुपारपर्यंत बाळाचार्यांनी ते पुढं ढकलायची चार कारणं शोधून ठेवली होती. धारवाडच्या मळमड्डीत चाळीस वर्षं मराठी शिकवलेला हा माणूस सुईला घाबरतो, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

चारच्या सुमारास मुलाचा, सुमंतचा, कोरियाहून निरोप आला: ‘अप्पांच्या ऑपरेशनसाठी इथल्या बुद्धाच्या देवळात कौल लावतोय.’

“बुद्धाच्या देवळात कुठला आलाय कौल?” बाळाचार्य म्हणाले.

“का नसेल?” वेणूबाई म्हणाल्या. “सकाळचे फोटो बघितले नाहीत का? दारात द्वारपाल, ही एवढी घंटा, उदबत्त्या, प्रदक्षिणा. आत यमसुद्धा बसलाय. सगळं आपल्यासारखं, मग कौलच तेवढा नसेल होय?”

बाळाचार्यांना हे मनापासून पटलं. मूर्तीला लावलेली कळी डावीकडं पडली की देवाचा नकार. मग डॉक्टरांचं काय चालणार? ते मोठ्या आशेनं मोबाईल घेऊन बसले.

साडेसहाला दुसरा निरोप आला. ‘पहिलं कौल फुटलं. दुसरं लावतोय.’

“पहिला कौल! फुटला!” बाळाचार्य कडाडले. “कानडी शाळेत घातलं तिथंच चुकलं. या गाढवाला अजून लिंग कळत नाही.” त्यांनी शुद्ध रूप टाईप करून तात्काळ धाडलंसुद्धा.

“लिंगाचं राहू दे हो,” वेणूबाई हळूच म्हणाल्या. “पण कौल फुटतो म्हणजे काय?”

कौल डावा होतो, उजवा होतो. फुटलेला दोघांनीही कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला, खोलीत तिन्हीसांजेचा अंधार दाटला आणि मोबाईल उजळला. फोटो होता. रात्रीच्या दिव्यांत धुक्यानं भरलेलं अंगण, त्यात काळ्या फरशांसारखं काहीतरी रांगेनं रचलेलं, प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत परक्या लिपीतली नावं. मागच्या उघड्या दारातून यम पुढ्यात आरसा ठेवून थेट यांच्याकडंच बघत होता. आणि सर्वांत पुढच्या फरशीवर देवनागरीत लिहिलं होतं: बाळाचार्य, मळमड्डी, धारवाड. खाली दोन तारखा.

“वरची तुमची जन्मतारीख,” वेणूबाईंचा आवाज चिरकला. “ही खालची हो कसली?”

खालची मंगळवारची होती.

बाळाचार्यांनी फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. मग तिसरा निरोप आला: ‘लावलं. आता अप्पांनी निर्धास्त जावं.’

“कुठं जावं?” बाळाचार्य ओरडले. त्यांनी हुबळीच्या दवाखान्यात फोन करून ऑपरेशन रद्द केलं. वेणूबाईंनी समई लावली आणि कशाला विषाची परीक्षा म्हणून भिंतीवरच्या आरशावर टॉवेल टाकला.

शेजारची दीपश्री कढीपत्ता मागायला आली, ती यांचे चेहरे बघून दारातच दचकली. वेणूबाईंनी रडत सगळं सांगितलं आणि मोबाईल पुढं केला.

दीपश्रीनं फोटो मोठा करून बघितला. “अय्य, हंच अल्लेन्री इवु? काकू, कौलं आहेत ही, छपराची! माझी नणंद तिकडंच असते की. नाव लिहून कौल द्यायचं, ते देवळावर चढवतात. तारीख ऑपरेशनची असेल. एखादं फुटलं असेल हातातनं.”

कानडीत छपरावरचं ते हंच, तिथं घोटाळ्याला जागाच नाही. मराठीत मात्र देवाचा तो कौल आणि छपराचं ते कौल. बाळाचार्यांनी निरोप पुन्हा वाचले. पहिलं. फुटलं. दुसरं. लावलं. पोरानं एकही चूक केली नव्हती. मास्तरांना आपल्या आगाऊपणाची भारी लाज वाटली.

“म्हणजे देवानं नकार दिलेला नाही?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“देवाला कुणी विचारलंच नाही.” वेणूबाईंनी डोळे पुसले आणि स्वतःच दवाखान्यात फोन लावला. “हौद्री, मंगळवार बर्तार.” मंगळवारी येताहेत असं कळवून, मोबाईलवर हात ठेवून त्या नवऱ्याकडं वळल्या. “पेशंट तयार आहे का, विचारताहेत.”

“मला फार भीती वाटते गं,” बाळाचार्य म्हणाले.

“माहीत आहे मला,” म्हणत वेणूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि नवऱ्यानं ‘हो’ म्हटल्याचं फोनवर खणखणीत सांगितलं, “हूं अंदार्री!”