अस्वलसरांची विद्यार्थिनी

देवलमेटा अभयारण्यात इंटर्नशिपला येणाऱ्या विद्यार्थ्यांना एक अस्वल मार्गदर्शन करत असे. सगळे त्यांना अस्वलसर म्हणत.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रोशनी कोडापे अस्वलांच्या खाण्याचा अभ्यास करायला आली, तेव्हा तीही त्यांच्याच हाताखाली लागली. सर शिस्तीचे होते. वारूळ कसं उकरायचं, विष्ठेतल्या बिया कशा ओळखायच्या, सगळं स्वतः करून दाखवत. नमुन्यांसाठी फार हिंडावं लागत नसे.

उन्हाळा संपता संपता अभयारण्याचे अधिकारी बोरकुटेसाहेब यांनी दोघांना कार्यालयात बोलावलं. डोंगरातून रिसॉर्टचा रस्ता जाणार होता.

"अहवालात एवढंच लिही," साहेब रोशनीला म्हणाले, "की या डोंगरात अस्वलांचा वावर नाही. प्रमाणपत्र आजच देतो."

रोशनीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. अस्वलसर बशीतून चहा पीत होते.

"साहेब, सर इथेच बसलेत."

"मार्गदर्शक म्हणून बसलेत. अस्वल म्हणून नाही."

"मी दोन्ही म्हणून बसलोय," सर म्हणाले.

"तशी नोंद नाही, सर."

प्रमाणपत्राशिवाय रोशनीची पदवी अडकणार होती, आणि बाबांनी तर आधीच गावभर सांगून ठेवलं होतं.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली.

"वर्ष फुकट जाईल."

"जाऊ दे."

मग ते वाक्य साहेबांनी स्वतःच लिहिलं. आठवड्याभरात डोंगरावर रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. अस्वलसरांनी त्या भरदिवसा, मजुरांच्या देखत उपटल्या. ठेकेदार तक्रार घेऊन चौकीत गेला. हवालदाराने अहवाल वाचला आणि हात वर केले. जिथे अस्वलच नाही, तिथे गुन्हा कोणावर नोंदवायचा?

पुन्हा खुंट्या ठोकल्या. या वेळी रोशनीही सरांसोबत गेली. साहेब धापा टाकत चढून आले.

"पोरी, त्यांचं कोणी काही करू शकत नाही. तुझं नाव मात्र नोंदीत आहे. गुन्हा तुझ्यावर पडेल!"

"मग नीट लिहून घ्या साहेब. रोशनी कोडापे."

तिने समोरची खुंटी धरून ओढली. खुंटी जागची हलेना.

"नुसती ओढू नकोस," अस्वलसर म्हणाले. "आधी दोन्ही बाजूंनी हलव."

तिने हलवली.