जिनिव्हा सर

आमच्या कॉलेजातले वराडे सर माणसाला नमस्कार करत नसत. समोर कोणीही येवो, ते आधी विचारत, "पासपोर्ट आहे का?"

बोहल्यावरच्या नवरदेवाला त्यांनी हे विचारलेलं मी स्वतः पाहिलंय. अक्षता पडल्या, सर पुढे झाले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि कानाशी वाकून प्रश्न टाकला. बँडच्या आवाजात त्या घामाघूम पोराला वाटलं, आहेराच्या पाकिटांबद्दल विचारताहेत. तो म्हणाला, "मामाजवळ हाय." सर खूश होऊन जेवायला बसले. आमच्या हेडक्लार्कचे वडील वारले तेव्हा तर स्मशानातच त्यांनी रडणाऱ्या थोरल्या नातवाला गाठलं. "शिक्षण काय? बी.ए.? पासपोर्ट आहे का?" पोरगा रडायचा थांबला आणि 'नाही' म्हणाला. सर म्हणाले, "काढून ठेव. आजोबा गेले, पण तुझं वय थांबून नाही राह्यलं."

देवमन वराडे राज्यशास्त्र शिकवत. त्यातही एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध. मलकापुरात हा विषय घेणारे विद्यार्थी म्हणजे ज्यांना दुसरा कुठलाही विषय मिळालेला नाही असे. निम्मे पोलीस भरतीच्या तयारीत, उरलेले तलाठ्याच्या. सर मात्र वर्गात शिरले की समोर राजदूत बसलेत अशा अदबीनं बोलायला लागत. म्हणून पोरांनी त्यांना 'जिनिव्हा सर' करून टाकलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, आवडतही होतं.

ऑफिसबाहेरच्या नोटीस बोर्डावर सरांचा एक कोपरा होता. परीक्षा फॉर्मची मुदत आणि कुणाचं तरी हरवलेलं एटीएम कार्ड यांच्यामध्ये रोज एक नवा कागद लागे. काठमांडूला विद्यार्थ्यांची शांतता परिषद. दिल्लीत दूतावासात इंटर्नशिप. जपानमध्ये उन्हाळी अभ्यासवर्ग. खाली लाल शाईत सरांच्या अक्षरात 'फुल्ली फंडेड', म्हणजे जाण्यायेण्यापासून जेवणापर्यंत सगळं त्यांच्याकडून. सर सांगत, "संधी दारात येत नाही बे, नोटीस बोर्डावर येते." पोरं कँटीनमध्ये एकमेकांना विचारत, "आजचा चहा फुल्ली फंडेड हाय का?"

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो आणि स्टाफ रूममध्ये माझी खुर्ची सरांच्या शेजारी होती. त्यामुळे जगात कुठे काय चाललंय हे मला जबरदस्तीनं कळे. सर स्वतः कधी परदेशी गेले नव्हते. त्यांची बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली. नंतर नोकरी कायम झाली, तोवर आई अंथरुणाला खिळलेली. लग्न राहून गेलं. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट कोराच संपला, त्यांनी तो पुन्हा काढला, आणि तोही कोरा संपायला आला होता. कुणी टोचलं तर म्हणत, "माझं सोडा. मी पत्ता सांगणारा माणूस. पत्ता सांगणाऱ्यानं जायलाच पाहिजे असं कुठं हाय?"

एकदा त्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये संयुक्त राष्ट्रसंघ भरवला. विद्यार्थी वेगवेगळे देश होऊन बसणार आणि जागतिक पाणीप्रश्नावर ठराव करणार. सरांनी घरून पांढरी चादर आणून टेबलावर अंथरली होती. ब्राझील आलाच नाही, त्याच्या घरी कापूस वेचणी होती. फ्रान्सला मोताळ्याची एसटी गाठायची होती, म्हणून तो मध्येच उठला आणि त्याच्यामागे त्याच गाडीचे आणखी तीन देश. चीन आणि जपान हे सख्खे चुलतभाऊ होते आणि त्यांच्यात बांधावरून खरोखरचंच भांडण होतं. ठरावाऐवजी विहिरीचा विषय निघाला. प्राचार्यांनी येऊन दोघांना वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं.

हॉलमध्ये शेवटी एकच देश उरला. एस्टोनिया. मोठे देश आधीच वाटले गेले होते, म्हणून रोहिणखेडच्या गजाननला उत्तर युरोपातला हा चिमुकला देश मिळाला होता. गजानन बुटका, थोडा अडखळत बोलणारा पोरगा. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून त्यानं आपलं सगळं भाषण वाचून दाखवलं. सर एकटेच पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मी दारात होतो. भाषण संपल्यावर सर उभे राहिले आणि रीतसर म्हणाले, "एस्टोनियाच्या प्रतिनिधींचे आभार."

त्या दिवसापासून गजाननला त्या देशाचं वेड लागलं. तिथं इंग्रजीतून आंतरराष्ट्रीय संबंध शिकता येतात आणि निवडक परदेशी मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे त्यानंच शोधून काढलं. मग वर्षभर सर आणि तो. संध्याकाळी कॉलेज सुटलं की सरांच्या स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत इंग्रजी चालायचं. गाडी धडधडत गेली की दोघं थांबायचे, गेली की पुढचं वाक्य. ऑनलाइन मुलाखत सरांच्या गच्चीवर झाली, कारण रेंज तिथंच यायची. पाण्याच्या टाकीपुढे सरांनी तीच पांढरी चादर धरली होती, मागचे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून.

पासपोर्टच्या तपासणीला पोलीस रोहिणखेडला गेले तेव्हा अर्ध्या गावानं ठरवून टाकलं की पोरानं काहीतरी केलं. गजाननचे वडील रामभाऊ भाजीपाल्याचे शेतकरी. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि बाजारात स्वतः बसून विकायचे. ते सरांना सांगत होते, "पोलीस आले, चहा पेले. म्या म्हटलं, पोट्टं चांगलं हाय साहेब. हवं तं वांगे घेऊन जा, पण त्याले जाऊ द्या."

आणि गजानन निवडला गेला. मलकापूर स्टेशनवर त्याला सोडायला पाऊण गाव आलं होतं. आईनं लोणच्याची बरणी दिली. सरांनी जाड लोकरी मोजे दिले. गाडी यायच्या आधी रामभाऊंनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, तिकडं आपलं कोणी हाय का?"

"आपला दूतावास हाय ना, रामभाऊ."

"म्हंजे आपलं सरकारी घर?"

"हाव. तसंच समजा."

रामभाऊंचं समाधान झालं. त्या दिवशी सर परत येताना इतके बोलत होते, की मी मध्ये एक शब्द टाकू शकलो नाही.

पहिला हिवाळा आला. दुपारची वेळ होती. स्टाफ रूममध्ये आम्ही डबे उघडले होते आणि सरांचा फोन वाजला. नंबर बाहेरचा होता. सर हसत उठले, खिडकीशी गेले. "यस," म्हणाले. मग बराच वेळ नुसतंच "यस, यस". मग एकदा "नो". परत येऊन त्यांनी आपला डबा बंद केला, झाकण नीट बसलं का ते पाहिलं.

"गजा गेला," ते म्हणाले.

आदल्या दिवशी सकाळी विद्यापीठात जाताना रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. दिसत नाही म्हणे तो. सायकल घसरली, मागून बस येत होती. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण बसही घसरली. रामभाऊंच्या साध्या फोनवर इंग्रजीत बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून गजाननने अडीअडचणीसाठी सरांचा नंबर देऊन ठेवला होता.

माझ्या स्कूटरवर आम्ही रोहिणखेडला गेलो. जुन्या मशिदीच्या पलीकडे रामभाऊंचं शेत होतं. ते मिरच्यांचं पोतं शिवत होते. आम्हाला पाहून उठले.

"या सर. काऊन आले अचानक? पोट्ट्याचा फोन होता का?"

आयुष्यभर जगाच्या बातम्या सांगणारा माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना. मी पुढे होणार तोच ते बोलले. "रामभाऊ, गजा सायकलवरून पडला."

"लागलं का लय?"

"हाव."

"दवाखान्यात हाय?"

सरांनी चष्मा काढला. रामभाऊंनी हातातला दाभण पोत्यात खोचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते पोत्यावर बसले आणि म्हणाले, "त्याच्या मायले कसं सांगू मी?"

पुढचे दिवस सर कॉलेजात येत होते, पण वर्गात जात नव्हते. ते फोनवर असत. दूतावासात माणसं सभ्य होती, मदत करत होती. पण मृत्यूचा दाखला, त्याचं भाषांतर, पोलिसांचा अहवाल, शवपेटीचं प्रमाणपत्र, विमानाची जागा, एकाशिवाय दुसरं हलत नव्हतं. दूतावासाची कार्ये हा सरांचा परीक्षेचा ठरलेला प्रश्न होता. त्याचं उत्तर पाच मुद्द्यांत लिहायला ते शिकवत आले होते. सहावं काम आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दर संध्याकाळी रामभाऊंचा फोन येई. "कधी येते?" सर म्हणत, "येऊन राह्यला." जणू पोरगं गाडीत बसलंय.

मुंबईला आम्ही तिघं गेलो, सर, मी आणि रामभाऊ. वराडे सर आयुष्यात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय विमानतळावर गेले, ते कार्गोच्या गेटानं. तिथं डाळिंबांच्या पेट्या होत्या, यंत्रांचे सुटे भाग होते, आणि एका बाजूला लांब लाकडी खोकं. त्यावर गजाननचं नाव आणि वजन. सही करायला पुढे केलेल्या कागदावर नात्याचा रकाना होता. रामभाऊंनी अंगठा लावला. सर तिथल्या कारकुनाला म्हणाले, "रामभाऊले सही येते, पण आज राहू द्या." अँब्युलन्समध्ये रामभाऊ आणि मी पुढे बसलो आणि सर मागे, खोक्याजवळ. नाशिकच्या पुढे रस्ता खराब झाला तेव्हा मी वळून पाहिलं. सरांनी एक हात खोक्यावर दाबून धरला होता, हलू नये म्हणून.

अंत्यविधीला गर्दी होती. सरण पेटल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "येनंच नेलं पोट्टं. मराचंच होतं तं हायवे काय कमी होता?" हळू म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. सर तिथंच उभे राहिले. रामभाऊंनीही ऐकलं. ते काही बोलले नाहीत, आणि सगळ्यांना वाटलं की त्यांचंही म्हणणं तेच आहे.

सरांनी दुसऱ्या दिवशी बोर्डावरचा आपला कोपरा रिकामा केला. महिन्याभरात तिथं स्नेहसंमेलनाचं पोस्टर लागलं. वर्गात ते पाठ्यपुस्तक उघडत, वाचत, मिटत. एम.ए.ची एक मुलगी स्टाफ रूममध्ये आली, काठमांडूच्या परिषदेचं विचारायला. सर म्हणाले, "मले नको विचारू." ती गेली. आता ते लोकांना साधा नमस्कार करत. पूर्वी ज्यांनी त्यांची थट्टा केली त्या सगळ्यांना तो नमस्कार सहन होत नसे. मलाही नाही.

एवढंच लक्षात आलं, की बाजाराच्या दिवशी दुपारी ते नाहीसे होतात. मला वाटलं, एकटेच कुठं बसत असतील. हा माणूस लोकांपासून तुटत चालला, म्हणून एका बाजाराला मी त्यांच्या मागे गेलो. ते सरळ भाजीच्या ओळीत शिरले आणि रामभाऊंच्या पालाखाली जाऊन बसले. पोतं आधीच अंथरून ठेवलेलं होतं. मला पाहून रामभाऊंनी हातानं दुसरं पोतं सरकवलं.

नंतर कळलं, हे रामभाऊंनीच सुरू केलं होतं. पेरण्यांच्या आधी ते वांग्याची पिशवी घेऊन कॉलेजात आले होते आणि सरांना फाटकाबाहेर बोलावून म्हणाले होते, "तुमच्या मोबाईलमध्ये तिकडचं हवामान दिसते म्हनते. मले ते सांगत जा."

त्या दिवशी आपल्याकडे थंडीची सुरुवात होती. बाया मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहत होत्या, भाव पाडून मागत होत्या. रामभाऊंनी एक गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि सरांकडे न बघताच विचारलं, "आता तिथं सकाळ असन ना?"

"हाव. सकाळच हाय."

"रस्ता कोरडा हाय का?"

सरांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर सरकवला. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो, मला पडदा स्पष्ट दिसत होता. त्या गावाचं नाव, खाली शून्याच्या खालचं तापमान, आणि दिवसभर बर्फ.

"कोरडा हाय रामभाऊ," सर म्हणाले. "चांगलं ऊन पडलं हाय."

"बरं झालं. या टायमाले सगळे पोट्टे सायकलनं निंगतात. गजा सांगत होता."

समोर एक म्हातारी वांगी निवडत होती. रामभाऊंनी तराजू उचलला. सरांनी फोन खिशात टाकला आणि म्हातारीच्या पिशवीचं तोंड उघडून धरलं.