घोडा कुणाच्या हद्दीत?

हद्द या विषयावर मला शिकवील असा माणूस बंगळूरात अजून जन्माला यायचाय! तेवीस वर्षं मी मोजणी खात्यात बसून नकाशे गिरवतोय. कुठला बांध कुणाचा, कुठली मोरी कुठल्या वॉर्डात, नारळ शेजाऱ्याच्या अंगणात पडला तरी मालक कोण, सगळं मला तोंडपाठ! निदान पंचाण्णव सालच्या मे महिन्यापर्यंत तरी मी सगळ्यांना असंच सांगत होतो.

त्या मे महिन्यात माझ्या भाचीचं, शिल्पाश्रीचं, लग्न होतं. तिचे वडील गुंडूराव म्हणजे माझे भावोजी. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान. गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडून पुन्हा सगळ्या होत्या तशा घडी करून ठेवणारा माणूस! लग्नाची कामंही त्यांनी तशीच नीट घड्या घालून एकेकाच्या हातात दिली. फुलं याने आणायची, आचारी त्याने बघायचा. माझं नाव काही येईना.

शेवटी माझी थोरली बहीण शारदक्काच म्हणाली, "अहो, नागनाथला एक तरी काम द्या. मुलीचा सख्खा मामा आहे तो!"

भावोजींनी मला चष्म्यावरून पाहिलं. मागे घरातल्या मुंजीत त्यांनी माझ्याकडे केळीच्या पानांचं काम दिलं होतं. मी पानं आणलीही होती. फक्त मुंजीच्या दुसऱ्या दिवशी आणली होती.

"मिरवणुकीसाठी पोलिसांची परवानगी आण," ते म्हणाले. "बँड, घोडा, सगळं लिहून घे. एवढं एकच कर."

काम साधं होतं. यशवंतपुराच्या बाजूला एक मारुतीचं देऊळ आहे. तिथून चारशे पावलांवर लग्नाचं मंटप, म्हणजे कार्यालय. हुबळीचं वऱ्हाड देवळाजवळ उतरणार, नवरा घोड्यावर बसून वाजतगाजत मंटपाच्या दारात येणार, दारात सीमांतपूजन! खरं तर ते गावाच्या वेशीवर करायचं. पण बंगळूरला वेस कुठे उरलीय? म्हणून आमच्याकडे मंटपाचं दार हीच वेस धरतात.

नवरामुलगा संतोषकुमार अगदी गरीब स्वभावाचा. पण त्याची आत्या गोजराबाई! तिच्या स्वतःच्या लग्नात वाजंत्री अर्ध्या वाटेत बंद पडली आणि म्हणून पुढे चाळीस वर्षं नवरा तिच्याशी धड एक वाक्य बोलला नाही, असं तिचं म्हणणं. त्या बिचाऱ्याला मध्ये बोलायला जागाच मिळाली नसावी, असं माझं म्हणणं. ते काही असो, तिने साखरपुड्यातच बजावलं होतं, "देवळापासून मंटपापर्यंत वाजणं एक क्षण थांबलं, तर नवरा तिथूनच परत नेईन!"

मी देवळाजवळच्या ठाण्यात गेलो. तिथले हवालदार हणमंतराव आपल्याच भाषेचे निघाले. त्यांनी साहेबांची सही, शिक्का, सगळं दहा मिनिटांत करून दिलं. मग कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "अण्णा, एक सांगतो. मंटपाची बाजू पलीकडच्या ठाण्याकडे जाते. तिथलीही एक सही घेऊन ठेवा."

मी हसलोच! "हणमंतराव, मी मोजणी खात्यात आहे. तुमच्या ठाण्याची हद्द मंटपाच्या पलीकडच्या मोठ्या मोरीपर्यंत जाते. डोळे मिटून सांगतो!"

"सरी, बरं," हणमंतराव म्हणाले. "तुम्ही खात्यातले. आम्ही काय, नुसते तिथे उभे राहणारे."

त्यातला टोमणा मला चार दिवसांनी कळला.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त होता अकरा वाजून दहा मिनिटांचा. दहाला मिरवणूक निघाली. पुढे लाल डगल्यातला बँड, त्याच्या मागे घोड्यावर संतोषकुमार, त्याच्या मागे वऱ्हाड, आणि वऱ्हाडाच्या तोंडाशी गोजराबाई, कान टवकारून! बंदोबस्ताला हणमंतराव स्वतः. मी परवानगीचा कागद छातीशी धरून असा चाललो होतो की लोकांना वाटावं, लग्न माझंच आहे.

निम्म्या वाटेवर दुधाचा बूथ लागला. तिथे हणमंतराव थांबले, काठी काखेत घातली आणि म्हणाले, "बरं अण्णा, येतो."

"येतो म्हणजे?"

"आमची हद्द संपली."

मी काही बोलणार, इतक्यात पुढून जोरात शिट्टी वाजली. बूथच्या पलीकडे दुसरे एक हवालदार दोन्ही हात वर करून रस्त्यात उभे! त्यांचं नाव चिक्कण्णा, हे मला मागाहून कळलं. बँड त्यांच्या हद्दीत दहा पावलं शिरला होता.

"निल्सी! परवानगी एल्ली?" थांबवा, परवानगी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

मी ऐटीत कागद पुढे केला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "कागद फार चांगला आहे," ते कानडीत म्हणाले. "पण त्यांचा आहे. आमच्या हद्दीत बँडला आमच्या साहेबांची सही लागते."

"साहेब कुठे आहेत?"

"मैदानावर बंदोबस्ताला. बाराला येतील."

"अहो, मुहूर्त अकरा दहाचा आहे! स्वल्प सोडा ना!"

"परवा एक बँड असाच सोडला आणि साहेबांची बोलणी खाल्ली. बँड बंद करा, नाहीतर मागे न्या."

बंद! मी मागे पाहिलं. गोजराबाईचे डोळे क्लॅरिनेटवर खिळलेले. मी बँडमास्तरकडे धावलो आणि ओरडलो, "थांबू नका! वाजवत वाजवत मागे फिरा!"

बँडवाले कसलेले लोक. एक सूर न चुकवता ते वळले, घोड्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेले आणि देवळाकडे तोंड करून वाजवू लागले. सगळं झकास जमलं होतं. फक्त घोडाही वळला आणि बँडच्या मागोमाग निघाला.

"अहो, धरा त्याला!" मी घोडेवाल्यावर खेकसलो.

"काय करू साहेब? तो बँडच्या मागेच चालतो. तसंच शिकवलंय."

झालं! नवरा बाशिंगासकट देवळाच्या दिशेने परत निघाला. गोजराबाईला समोरून भाचा येताना दिसला. ती कमरेवर हात ठेवून रस्त्यातच उभी राहिली. "काय रे संतोष, मुलगी पसंत नाही?"

"आत्या, मला पसंत आहे! घोड्याला विचार!"

इकडे मंटपाच्या दारात शारदक्का आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला एवढंच दिसलं, की जावई आला, जावई थांबला आणि जावई परत गेला. तिने पदर डोळ्यांना लावला. दोनशे पावलांवरून मला ते स्पष्ट दिसलं. सगळ्या घरात तिने एकटीने माझ्यासाठी काम मागून घेतलं होतं.

मी घोड्याचा लगाम धरून जीव खाऊन ओढला. घोडा वळला, कसाबसा बूथपर्यंत आला आणि तिथे जो थबकला तो थबकलाच! पुढचे पाय चिक्कण्णांच्या हद्दीत, मागचे हणमंतरावांच्या. मार्केटकडे जाणाऱ्या कांद्याच्या लॉऱ्या दोन्ही बाजूंना अडकल्या. भोंगे सुरू झाले.

"चिक्कण्णा, रस्ता मोकळा कर," हणमंतराव अलीकडून म्हणाले. "घोडा तुझ्याकडे आलाय."

"शेपूट कुणाकडे आहे?" चिक्कण्णा पलीकडून म्हणाले. "परवानगी तुमची, घोडा तुमचा."

"अपघातात आपण काय धरतो? पुढचं चाक ज्याच्या हद्दीत, गाडी त्याची!"

"घोड्याला चाक कुठलं?"

"मग पुढचे पाय धर."

"पाय धरले तर लाथ बसेल ती कुणाच्या हद्दीत?"

गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही चिडलेलं नव्हतं. पान खाताना गप्पा माराव्यात तसं निवांत चाललं होतं. त्या बूथसमोर सायकल पडली, गाय बसली, दारुडा आडवा झाला, की त्यांचं हेच बोलणं होत असणार. घाम फक्त मला फुटला होता. घड्याळात साडेदहा!

तेवढ्यात भावोजी अनवाणी धावत आले. मागून हातात पंचांग घेऊन आमचे भटजी, भीमाचार्य.

"नागनाथ!" भावोजी धापा टाकत म्हणाले. "मोरीपर्यंत एकच ठाणं म्हणाला होतास ना रे?"

"भावोजी, नकाशात तर..."

"नकाशात लग्न लावायचंय का?"

भीमाचार्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आधी मला सांगा, घोटाळा कसला आहे?"

"आचार्य, इथे सीमा आहे," हणमंतराव म्हणाले. "ही बाजू आमची, ती यांची."

"इथे? अगदी नक्की?"

"नक्की!" दोघेही हवालदार एकदम म्हणाले. त्या दिवशी त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. चिक्कण्णांनी तर काठीने धुळीत घोड्याच्या पोटाखालून रेघ ओढून दाखवली.

भीमाचार्यांचा चेहरा उजळला. "तीस वर्षं मी मंटपांच्या दारात सीमांतपूजन सांगतोय. खरी सीमा आज भेटली! शारदाबाई, ताट घेऊन इकडे या!"

शारदक्का डोळे पुसत धावत आली. तिच्या मागे कळशी, हळदकुंकू, अर्धं मंटप! संतोषकुमार उतरायला लागला, तर घोडेवाला म्हणाला, "उतरलात तर पुन्हा बसू देणार नाही तो." मग जावयाचा एक पाय घोड्याच्या या अंगाने धुतला आणि दुसरा त्या अंगाने. बँड आपल्या हद्दीत राहून छाती फुटेस्तोवर वाजवत होता. लॉऱ्यांचे ड्रायव्हर टपावर चढून बघत होते.

गोजराबाई हरखली! "आमच्या हुबळीतसुद्धा खऱ्या वेशीवर कुणी पूजा केली नाही हो!" आणि दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे बारीक झाले. "पण इथून पुढे काय वाजणार?"

पुढे दोनशे पावलं होती. सगळे माझ्याकडेच बघत होते.

चिक्कण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं. "हणमंतराव, एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात आरोपी कसा देतात?"

"हद्दीवर. आणणाऱ्याने लिहून द्यायचं, नेणाऱ्याने सही करायची. पुढची जोखीम नेणाऱ्याची."

"मग द्या."

"आरोपी कुणाला म्हणतोस रे?" गोजराबाई कडाडली. पण हणमंतरावांनी माझ्या हातातला तो कागद घेऊन त्याच्या पाठीवर लिहायला सुरुवातही केली होती. "एक नवरा, फेटा व बाशिंगासह, सुस्थितीत." चिक्कण्णांनी सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मग घोड्याच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि खिशातून शिट्टी काढली.

"बँडला परवानगी लागते," ते म्हणाले. "पोलिसाच्या शिट्टीला कुणाची लागते?"

आणि त्यांनी जी शिट्टी वाजवली! नुसती नाही, बँडच्या ठेक्यावर! फुर्र फुर्र, फुर्रर्र! घोड्याने कान उभारले, मान हलवली आणि शहाण्यासारखा शिट्टीमागे चालू लागला. मी श्वास रोखून गोजराबाईकडे पाहिलं.

"शिट्टी तर शिट्टी!" ती म्हणाली. "वाजतंय ना? चला!"

अकराला पाच कमी असताना नवरा मंटपात होता. मुहूर्ताला अक्षता पडल्या. शिल्पाश्री अंतरपाटाआडून हसतच होती; तिला सगळी हकिकत कुणीतरी आत जाऊन सांगितली होती.

जेवणाच्या पंगतीत भावोजींनी दोन्ही हवालदारांना आग्रहाने शेजारी शेजारी बसवलं. शारदक्का स्वतः चिरोटे वाढत होती आणि मला दोन जास्त वाढून गेली. माझी कळी पुन्हा खुलली.

"पण मी म्हणतो," मी आवाज चढवून म्हणालो, "चांगली मोठी मोरी सोडून भर रस्त्यात, दुधाच्या बूथसमोर हद्द आणणारा हा गाढव कोण? आमच्या खात्यातलाच असणार कुणीतरी! नाव कळलं तर..."

"नाव आहे की," चिक्कण्णा म्हणाले. "रोजची कटकट म्हणून मी नकाशाची प्रत खिशातच बाळगतो."

त्यांनी डाव्या हाताने घडी काढून दिली. भावोजींनी ती साडी उलगडावी तशी हलकेच उलगडली आणि चष्मा वर केला. रेघ मोरीच्या बाजूने छान वळणं घेत आली होती. बूथपाशी मात्र मोरी सोडून ती घाईघाईने सरळ रस्ता ओलांडून गेली होती. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात गिरवणाऱ्याची सही. ती सही वाचायला मला चष्मा लागला नाही.

"अकरा मे एकोणीसशे त्र्याहत्तर," भावोजी सावकाश वाचत म्हणाले. "अगं शारदा, ही तर आपल्या लग्नाची तारीख!"

शारदक्का चिरोट्याची परात घेऊन तिथेच थांबली. मला एकदम सगळं आठवलं. नवी नोकरी, अर्ध्या दिवसाची रजा, अर्धा गिरवलेला नकाशा आणि बाहेर रस्त्यावरून लांबून ऐकू येणारा बँड.

"म्हणजे आमच्या मिरवणुकीला तू वेळेवर पोचलास तो असा!" भावोजी म्हणाले. पंगतीत हशा पिकला. हणमंतराव तर पानावर वाकून हसत होते. मी मुकाट्याने तिसरा चिरोटा तोंडात घातला.

त्यानंतर आमच्या घरात चार लग्नं झाली. चारही लग्नांत भावोजींनी मला न मागता काम दिलं. मंटपात एका खुर्चीवर बसून राहायचं. आणि खुर्चीभोवती खडूची रेघ ते स्वतः ओढतात.