मगरताईकडे यायचं हं!

एका जंगलात, बाळांनो, एका नव्या सुनेने ऐकू नये ते ऐकलं.

"कमी बोलते. बरंच आहे," सासूबाई कोल्ह्याला सांगत होत्या. "साच्यात पटकन बसेल."

सुनेचं नाव कुंदा. ती साळिंदर होती आणि साळिंदरांच्याच घरात दिली होती. म्हणजे टोचण्याची तिला लहानपणापासून सवय. तिने ऐकलं आणि अंगण झाडायला घेतलं.

आता साचा म्हणजे काय, ते ऐका. त्या जंगलात कुणी कुणाला थेट काही सांगत नसे. सांगितलं तरी कुणी खरं मानत नसे. बातमी साळिंदरांकडे आणायची, त्यांच्या साच्यातून काढायची, पानावर उमटवायची. मग माकडं ती पानं दारोदार टाकत. दारात पान पडलं की बातमी खरी.

साचा अगदी साधा होता. 'अमक्याचे तमके आहे, तरी सर्वांनी...' आणि पुढे रिकामी जागा. पण कुंदाच्या आजेसासऱ्यांना तो फार कोरडा वाटे. म्हणून त्यांनी साच्याला प्लगिनं जोडली. प्लगिन म्हणजे प्राणी. त्यांना ठरलेल्या क्रमाने फांदीवर चढवायचं, याला म्हणत लोड करणं. मजकूर खालून वर जाई. ज्याच्या त्याच्या हाताखालून जाताना बदलत जाई.

पहिला कोल्हा. तो मजकुराला भाषा देई. त्याला फेटा बांधला की भाषा लग्नाची, खांद्यावर पांढरं उपरणं टाकलं की दुखवट्याची. हे त्याचं सेटिंग. मग पोपट. त्याला पेरू दिला की लाडिक ओळ, मिरची दिली की तिखट. मग मोर, तो वेलबुट्टी काढी. आणि सगळ्यात वर अजगर. तो काय करतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्याला काढू नका हं," मामंजी म्हणत. "काहीतरी मोडेल."

कुंदाच्या लग्नात कोल्ह्याला फेटा बांधला, पोपटाला पेरूंची टोपली दिली. लग्न झालं, मांडव उतरला, फेटा राहिला. मामंजींना वाटलं, सासूबाई उतरवतील. सासूबाईंना वाटलं, फेटा हे पुरुषांचं काम. कुंदाला रोज दिसत होतं. पण नव्या सुनेने सासरच्या फांदीकडे बोट दाखवायचं नसतं.

मध्यंतरी म्हाताऱ्या नीलगाईच्या तेराव्याची सूचना गेली, तर मंडळी वाजंत्री घेऊन आली.

"गर्दी छान झाली," मामंजी म्हणाले.

मग एके सकाळी खंड्या पक्षी धापा टाकत आला.

"मगर आली! पाणवठ्यावर मगर आली! जाऊ नका!"

"ओरडू नकोस," मामंजी म्हणाले. "साच्यात घाल."

मजकूर चढला. कोल्ह्याने फेटा सावरला. 'जाऊ नका' हे त्याला फार उद्धट वाटलं. लग्नाच्या भाषेत 'नका' एकाच ठिकाणी शोभतं, आहेरापाशी. त्याने ते उचलून तिथे नेऊन ठेवलं. पोपटाने पेरू चघळत आपली ओळ घातली. मोराने कडेने फुलं काढली. अजगराने जे काय करायचं ते केलं.

पान पडलं ते असं:

'आमचे येथे वनदेवतेच्या कृपेने चि. सौ. कां. मगर हिचे पाणवठ्यावर शुभागमन झाले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार यावे. कृपया आहेर आणू नका. आमच्या मगरताईकडे यायचं हं!'

एक पान मगरीलाही मिळालं. तिला जन्मात कुणी बोलावलं नव्हतं, आणि इथे तर तीच यजमान! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं की काय, ते तिचं तिलाच माहीत. तिने काठ झाडून घेतला आणि आ वासून पाहुण्यांची वाट पाहत बसली.

पाहुणे निघाले. हरणं पाडसांना नटवून निघाली. ससे निघाले. आणि काट्याकाट्यात मोगरा माळून मंजीही निघाली. मंजी म्हणजे कुंदाची नणंद. त्या घरात कुंदाशी गप्पा मारणारी ती एकटीच.

कुंदाने झाडू टाकला.

"मंजीताई, जाऊ नका! तिथे मगर आहे!"

"ठाऊक आहे की, वहिनी! तिच्याकडेच तर चाललोय."

कुंदा फांदीकडे धावली. तिथे चूक ध्यानात आली होती, पण मामंजी-सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं.

"अजगर काढून बघू या का?"

"अजिबात नाही!"

"मग फेटा?"

"चालू असताना? छे! आधी सगळ्यांना उतरवायचं, फेटा काढायचा, मग पुन्हा क्रमाने चढवायचं."

मोर पिसारा मिटवत सावकाश उतरू लागला. खाली वाटेवर पाडसं उड्या मारत चालली होती. पाणी दिसू लागलं होतं.

कुंदा वाटेतल्या खडकावर चढली. एकदा श्वास घेतला.

"मंडळी!" ती ओरडली. "जेवण संपलं!"

सगळं जंगल थबकलं. या बातमीचं पान कुणी मागितलं नाही.

"श्रीखंडसुद्धा?" अस्वलाने विचारलं.

"पहिल्याच पंगतीत."

"तरी मी म्हणत होते," हरणी पाडसांना मागे ओढत म्हणाली. "आहेर नको म्हणतात ना, त्यांच्याकडे असंच असतं."

बघता बघता वाट रिकामी झाली. मंजीने चिडून मोगरा उपटला आणि घरी आली. मगर तेवढी वाट पाहत राहिली.

फांदीखाली सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"अगं बाई! ही तर बोलते. आणि धडधडीत खोटं बोलते!"

"तेही साच्याशिवाय," मामंजी म्हणाले.

"मला वाटलं होतं, साच्यात बसेल."

कुंदाने झाडू उचलला.

"बसेन की, सासूबाई," ती म्हणाली. "पण आधी त्या कोल्ह्याचा फेटा उतरवा. आमचं लग्न होऊन गेलं."

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलून कुणाचा जीव धोक्यात घालू नये. आणि अजगराला कुणीही हात लावू नये.