पोलाद बोलत नाही

दामलेकाकांकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी गराजमध्ये नेलं जायचं. तिथे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचा एक डबल बेस भिंतीला टेकून उभा असायचा. काका त्याची सगळ्यांत जाड तार दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "वाका. वास घ्या."

तार मेंढीच्या आतड्याची. वास कसा होता ते सांगत नाही, पण नंतरचा चहा घशाखाली उतरत नसे.

"पोलादाच्या तारेला आहे का असा वास? अरे, पोलाद बोलत नाही, ओरडतं!" अमेरिकेत ट्रॉय गावी होतो तेवढी वर्षं हे वाक्य मी ऐकलं. त्या ऐंशीच्या दशकात तिथल्या आम्हा मराठी लोकांतले निम्मे मोटारींच्या कारखान्यांवर जगत होते. काका कारखान्यात पोलाद तपासायचे. "आठ तास त्याचंच तोंड बघतो. घरीही तेच?"

वाद्य एका जर्मन म्हातारीच्या जुन्या सामानाच्या गराज सेलमधून उचललेलं, विद्या लायब्ररीतल्या पुस्तकातून. गज हातात घेतला की काका डोळे गच्च मिटून घ्यायचे. छत कोसळलं तरी उघडायचे नाहीत.

सुधाकाकूंचा कायदा मात्र कडक होता. "घरात माझे देव आहेत. आतडी आत येणार नाहीत." त्यामुळे नऊ हिवाळे बेस गराजमध्ये रजई पांघरून राहिला आणि काका ओव्हरकोट घालून वाजवत राहिले. गराजमधून सूर सुरू झाले की काकू मिक्सर लावायच्या. नऊ वर्षांत त्यांनी एकदाही ऐकलं नाही, आणि काकांना ऐकवायचं होतं ते फक्त त्यांनाच. हे मला फार उशिरा कळलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत वाजवायचं काकांनी मनावर घेतलं. मी मंडळाचा सेक्रेटरी. कमिटीत तीन पीएचडी आणि दोन डॉक्टर, पण गणपतीसमोर आतडं नको यावर सगळ्यांचं एकमत.

"आणि तुमच्या तबल्याला काय रेक्झिन लावलंय?" काकांनी विचारलं.

यावर कमिटीनं घाईघाईनं मतदान उरकलं. निर्णय कळवायला फोन मीच केला. "काका, स्टीलच्या तारा लावल्यात तर कमिटीला प्रॉब्लेम नाही. काकूही म्हणाल्या, मग मी येईन ऐकायला."

"सुधा म्हणाली?"

"हो."

पुढच्याच शनिवारी पोलाद चढलं. आम्ही पोट धरून हसलो. नऊ वर्षांचं तत्त्व एका फोनमध्ये खलास! हा किस्सा मी तिखटमीठ लावून घरोघर सांगितला. आज स्वतःचीच लाज वाटते.

गणपती तिथल्या एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात होता. काकू नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आरती झाली, काकांनी बेस उभा केला, डोळे मिटले. नेमका तेव्हाच मी काकूंच्या कानाशी लागलो. "काकू, पुऱ्या कमी पडतायत. किचनमध्ये येता का जरा?" त्या उठल्या. दारापर्यंत दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी. आत पंखा घरघरत होता, तिथे काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

काकांनी भजन धरलं. तिसऱ्या ओळीला काड्कन आवाज झाला आणि बेसचं पोट वरपासून खालपर्यंत उकललं. भजन संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवणाच्या रांगेत उभे राहिले.

मी बेसचं एक टोक धरून स्टेजमागे नेऊ लागलो. "असं कसं झालं, काका?"

"पोलादाचा ताण फार. रिपेअरवाल्यानं सांगितलं होतं, लाकूड म्हातारं आहे, सोसणार नाही."

"मग लावल्यात कशाला?"

"येईन म्हणाली होती ना." काका त्या फटीवरून बोट फिरवत होते. "कुठे बसली होती रे?"

"पुढच्याच रांगेत," मी म्हणालो.

"मग काही बोलली कशी नाही?"

तेवढ्यात कणकेचे हात पुसत काकू आल्या. भिंतीजवळची एक खुर्ची त्यांनी ओढली आणि आमच्यासमोर बसल्या.

"अहो, झाल्या एकदाच्या पुऱ्या. आता करा सुरू. मी आलेय."