प्रायोजकांचं नामस्मरण

अमेरिकेतल्या हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीपुढे अथर्वशीर्ष म्हणायचं असेल, तर वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं. राजारामकाका निवृत्त डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. पडद्यावरचं त्यांना कॉम्प्युटर वाचून दाखवतो. आमच्या साइटवर तो नुसताच ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणे. काकूंच्या माघारी हा पहिलाच गणपती. यंदा म्हणायचंच, असं काकांनी मनाशी धरलं होतं.

काकांची अडचण कानावर येताच कार्यकारिणीने विषय गांभीर्याने घेतला. सहा जणांनी, वेबसाइट अंधांनाही वापरता यावी यासाठीच्या मानकांचा ऑनलाइन कोर्स केला आणि सर्टिफिकेटं फेसबुकवर लावली. नियम कळला तो असा: प्रत्येक चित्रामागे वर्णन हवं. चित्रं होती प्रायोजकांची. तेव्हा वर्णनंही प्रायोजकांकडूनच मागवली. प्लॅटिनम देणगीदाराला तीनशे शब्द, गोल्डला दोनशे.

आता कॉम्प्युटर काकांना घरं विकणारे दोन रिअल्टर, चार डेंटिस्ट आणि एका इमिग्रेशन वकिलाचं चरित्र ऐकवू लागला. नोंदणीचं बटण त्याखाली. तिथवर पोचायला वीस मिनिटं लागत, आणि सुरक्षेसाठी पान पंधराव्या मिनिटाला बंद होई.

“तिसरा डेंटिस्ट आला की मी बाद,” काका मला फोनवर म्हणाले. “दात कसे घासायचे, ते मात्र नीट कळलं.”

माझा रोजचा जप आटोपून मी मंडळाच्या अध्यक्षांना, शैलेंद्रना, फोन केला. “भाऊजी, काकांचं नाव मी घालू का?”

“नको वहिनी. तुम्ही घातलंत तर त्यांना साइट वापरता येत नाही, असं रेकॉर्डवर येईल. आपण सगळे नियम पाळलेत, कम्प्लायंट आहोत.”

“पण येतच नाही ना त्यांना वापरता.”

“मग तक्रार करू द्या की. फॉर्म आहे ना साइटवर. प्रायोजकांच्या खाली.”

तक्रार एकही आली नाही. अहवालात समाधान शंभर टक्के नोंदलं गेलं. सभेत टाळ्या झाल्या.

चतुर्थीला काका सोवळं नेसून आले. यादीत नाव नव्हतं. दुसऱ्याही कोणी नाव दिलं नव्हतं, म्हणून स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. काका दारातच उभे राहून हलक्या आवाजात म्हणू लागले. रेकॉर्डिंगमध्ये व्यत्यय येतो म्हणून दोघा स्वयंसेवकांनी त्यांचा हात धरून, अत्यंत आदराने, त्यांना पार्किंगकडे नेलं.

आपण सारे तेव्हा हात जोडून, डोळे मिटून उभे होतो. मी एकदा किलकिले करून पाहिलं. तिसऱ्या रांगेत तुम्हीही तेच करत होतात. आपली नजरानजर झाली, आणि मग दोघांनीही डोळे पुन्हा भक्तिभावाने मिटले.