टेकाळेमामांचा पुरावा

“धुऊ नका! स्वाती, नळाला हात लावायचा न्हाई! पुरावा हाय तो!”

सकाळी आठला टेकाळेमामा आमच्या मजल्यावर असे गरजले, की गच्चीवरची कबुतरं रहाटणी सोडून तळेगावला स्थायिक झाली. समोरच्या दारात स्वाती बाळाचं भरलेलं दुपटं हातात धरून पुतळ्यासारखी उभी. बाळाला आदल्या दिवसापासून जुलाब-उलट्या.

मामा मूळचे उदगीरकडचे, राहायला आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर. लहान मुलांना जुलाब करणारे विषाणू कुठून कुठे फिरतात, याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेसाठी ते शीचे नमुने गोळा करतात. स्कूटरला बर्फाची पेटी, खिशात डब्या. रहाटणी ते पिंपळे गुरव, या माणसानं आदरानं डबीत बसवली नाही अशी शी नाही.

विषाणूंची घराणी त्यांना सात पिढ्यांपर्यंत पाठ. “हा रोटा, मोठं खानदान. तो नोरो, भांडखोर भाऊबंद. जनुकं वाचली की कोण कुणाचा चुलता ते कळतंय बगा.” हे त्यांनी एका लग्नात पंगतीला समजावलं. चारशे माणसांची जिलेबी उरली.

त्या सकाळी मात्र त्यांनी आधी बाळाला चमच्या-चमच्यानं जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी पाजलं. मग संमतीच्या कागदावर स्वातीची सही घेतली, मग डबी भरली.

मागून स्वातीच्या सासूबाई कडाडल्या, “चाकणची पहिली शिफ्ट गाठायची घाई! बाटली धड धूत नाही, म्हणून हे झालं. बास झाली आता कंपनी!”

बाळ चार दिवसांत खेळायला लागलं. कंपनीचं मात्र मिटेना. स्वाती बिनपगारी रजेवर बसली आणि एक तारखेला राजीनामा द्यायचं ठरलं.

महिनाअखेरीला मामा पुन्हा दारात. पेटी नाही, इस्त्रीचा शर्ट. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. दार सासूबाईंनी उघडलं.

“आक्का, रिपोर्ट आला. ह्या बिल्डिंगीतल्या चार लेकरांत एकाच घराण्याचा विषाणू निघाला. बाकी तिघांच्या आया दिवसभर घरीच असत्यात. एकीनं तर बाटली कधी दिलीच न्हाई.”

“मग आमच्यात आला कुठून?”

“जिन्यानं आला असंल. कठड्याला धरून.”

सासूबाईंनी कठड्याकडे असं पाहिलं, जणू तो अजून तिथंच उभा आहे. मग बराच वेळ बाळाचं टोपरं नीट केलं. शेवटी आत वळून म्हणाल्या, “स्वाती, सोमवारी कंपनीची बस कितीला येते गं?”

मामा जिना उतरायला लागले. मी मागोमाग गेलो.

“मामा, रिपोर्ट तर फोनवर कळवतात ना? सुट्टीच्या दिवशी चार मजले कशाला चढलात?”

“फोन सून उचलते, राव. हे सासूनं ऐकायचं असतंय.”